पांच सभासद आणि एक कोटी लोक
अमेरिकेंतील कौंटीचा कारभार व लोकांची सुनावणी

राज्यकारभार म्हटला कीं सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढें राजधानी उभी राहते. अध्यक्षांचीं भाषणें, मंत्रिमंडळांतील फेरबदल, निवडणुकींतील जयापजय यांनीं वृत्तपत्रांचे रकाने भरलेले असतात आणि सत्ता ती हीच, असा समज सहज होतो. परंतु ज्या सत्तेशीं नागरिकाचा रोज संबंध येतो ती बहुधा राजधानींत नसते. घरापुढचा रस्ता कोणीं दुरुस्त करावा, शेजारच्या मोकळ्या जागेंत काय बांधूं द्यावें, गरिबांच्या इस्पितळास किती पैसा मिळावा, तुरुंगांतील कैद्यांची व्यवस्था कोणाच्या हातीं असावी, हे प्रश्न लहान दिसतात. पण संसाराचें सुखदुःख त्यांच्यावरच पुष्कळसें अवलंबून असतें. अमेरिकेंत अशा प्रश्नांचा निकाल ज्या ठिकाणीं लागतो त्यांपैकीं एक म्हणजे कौंटीचें मंडळ. त्याच्या नित्याच्या सभा कशा चालतात, तेथें लोकांचें म्हणणें कसें ऐकलें जातें आणि त्या ऐकण्याला खरोखर कितपत किंमत असते, हें एका मोठ्या कौंटीच्या उदाहरणावरून चांगलें समजतें.

कौंटी म्हणजे स्थूलमानानें आपल्याकडील जिल्हा. मात्र हें साम्य विस्तारापुरतें आहे, कारभारापुरतें नाहीं. आपल्याकडे जिल्हा म्हटला कीं वरून नेमलेला जिल्हाधिकारी आठवतो; अमेरिकन कौंटींत बहुधा लोकांनीं निवडलेलें एक लहानसें मंडळच सर्वोपरि असतें. कॅलिफोर्निया संस्थानांत अशा ५८ कौंट्या आहेत. त्यांतील लॉस एंजलिस ही लोकसंख्येनें सर्व अमेरिकेंत पहिली. सन २०२० च्या खानेसुमारींत तिची वस्ती १,००,१४,००९ भरली, म्हणजे अमेरिकेंतील बहुतेक संस्थानांहून अधिक. क्षेत्रफळ सुमारें ४,००० चौरस मैल. ही कौंटी सन १८५० मध्यें अस्तित्वांत आली, सन १८५२ मध्यें तिचें मंडळ स्थापन झालें आणि सन १९१२ मध्यें मतदारांनीं तिची स्वतःची सनद मंजूर केली. ती सनद पुढील वर्षीं अंमलांत आली, व त्या सनदेनें मंडळाच्या सभासदांची संख्या पांच ठरविली. एक कोटी लोक आणि पांच सभासद! प्रत्येकाच्या वांट्यास सुमारें वीस लाख लोक येतात. विनोदानें लोक या सभासदांना ‘पांच छोटे राजे’ म्हणत आले आहेत तें उगाच नव्हे.

या उपहासामागें सत्य आहे. राष्ट्राच्या कारभारांत कायदे करणारी सभा वेगळी आणि ते अंमलांत आणणारा अध्यक्ष वेगळा, अशी अमेरिकन राज्यघटनेची शिस्त आहे. कौंटींत ही शिस्त आढळत नाहीं. तेंच मंडळ स्थानिक कायदे करतें, तेंच अंदाजपत्रक मंजूर करतें, तेंच खातेप्रमुखांवर देखरेख ठेवतें आणि कांहीं प्रसंगीं तेंच न्यायाधीशासारखें दोन पक्षांमध्यें निवाडा देतें. शेरीफ, सरकारी फिर्यादी व मालमत्तेची आकारणी करणारा अधिकारी हे तिघे तेवढे मतदारांकडून स्वतंत्रपणें निवडले जातात; पण त्यांच्याहि खात्यांचा पैसा मंडळाच्याच हातून जातो. सन २०२४-२५ चें कौंटीचें अंदाजपत्रक ४,५०० कोटी डॉलरांहून अधिक होतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. या कौंटीच्या हद्दींत ८८ शहरें आहेत आणि प्रत्येकास आपापली नगरसभा आहे. त्या शहरांतील नागरिकांस कौंटी भेटते ती इस्पितळें, न्यायखात्याचीं कामें, तुरुंग, निवडणुका आणि मालमत्तेच्या नोंदी यांच्या रूपानें. परंतु कौंटीचा निम्म्याहून अधिक प्रदेश कोणत्याच शहरांत मोडत नाहीं आणि तेथें सुमारें दहा लाख लोक राहतात. त्यांना नगराध्यक्ष नाहीं, नगरसभा नाहीं. कौंटीचें मंडळ हीच त्यांची नगरपालिका. ईस्ट लॉस एंजलिस ही एक लाखाहून अधिक वस्ती अशीच बिनशहराची आहे. डोंगराच्या पायथ्याचें अल्टाडीना गांवहि तसेंच. सन २०२५ च्या जानेवारींत ईटन नांवाच्या वणव्यानें अल्टाडीना व त्याच्या आसपासचा भाग भाजून काढला आणि ९,००० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. त्यानंतर राखरांगोळी झालेल्या घराच्या जागीं पुन्हा घर बांधण्याचा परवाना कोठें मागावयाचा, जुन्या नियमांत सवलत कोणाकडून मिळवावयाची, या प्रत्येक प्रश्नाचें उत्तर कौंटी हेंच होतें. एरवीं ज्या सभांकडे कोणी फिरकत नाहीं, त्या सभांत आपल्या नशिबाचा निकाल लागत असतो ही गोष्ट अशा संकटांत एकदम उघडी पडते.

आतां मंडळाच्या नित्याच्या कामाकडे वळूं. मंगळवार हा सभेचा परंपरागत वार. सभेपूर्वीं विषयांची पत्रिका प्रसिद्ध होते आणि तींत विषयांची लांबलचक रांग असते. अमक्या रस्त्याच्या डांबरीकरणाचें कंत्राट. तमक्या इस्पितळासाठीं यंत्रांची खरेदी. एखाद्या सल्लागार समितीवर नेमणूक. कौंटीविरुद्ध झालेल्या दाव्यांत पैसे देऊन तडजोड. गुन्ह्याची माहिती देणारास बक्षीस. वाचनालयास मिळालेल्या देणगीचा स्वीकार. यांतील प्रत्येक विषयावर चर्चा करावयाची म्हटली तर सूर्यास्तापर्यंत पहिलें पान संपावयाचें नाहीं. म्हणून ज्या विषयांत वाद नाहीं असे विषय एकत्र बांधून त्यांवर एकदांच मत घेण्याची रीत पडली आहे. या गठ्ठ्यास ‘संमतीची यादी’ म्हणतां येईल. अध्यक्ष यादीचा उल्लेख करतात, कोणी सूचना मांडतो, कोणी दुजोरा देतो, आणि कोट्यवधि डॉलरांचे व्यवहार एका क्षणांत मंजूर होतात.

परक्या प्रेक्षकास हा प्रकार पाहून धक्का बसण्याचा संभव आहे. परंतु त्यांतील युक्तिवाद समजून घेण्याजोगा आहे. जी कामें आधींच ठरलेल्या नियमांनुसार व्हावयाचीं आहेत त्यांवर प्रतिनिधींचा वेळ खर्च झाला, तर ज्या कामांत खरा निर्णय करावयाचा आहे त्यांस वेळ उरत नाहीं. दोष यादींत नाहीं. ती यादी कोणी वाचीतच नाहीं तेव्हां दोष उत्पन्न होतो. वादग्रस्त विषय निरुपद्रवी शब्दांत लपेटून यादीच्या मध्यावर बसविला, तर तो बिनबोभाट पार पडूं शकतो. यावर उपाय असा कीं, सभासदानें मागणी केल्यास कोणताहि विषय यादींतून वेगळा काढून त्यावर स्वतंत्र चर्चा व मतदान होतें. तथापि ही मागणी कोणी करावी म्हणून आधीं कोणीतरी ती यादी वाचलेली असली पाहिजे.

यादी वाचावयास मिळणें हा हक्कहि आपोआप आलेला नाहीं. सन १९५२ मध्यें मायकेल हॅरिस नांवाच्या वार्ताहरानें ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’ या पत्रांत एक लेखमाला लिहिली. कॅलिफोर्नियांतील स्थानिक संस्था लोकांना न कळवितां, दारें लावून, आधींच सर्व ठरवितात आणि जाहीर सभेंत केवळ देखावा करतात, असें तिचें सार होतें. त्या लेखमालेमुळें खळबळ उडाली आणि पुढच्याच वर्षीं, सन १९५३ मध्यें, राल्फ ब्राऊन या विधिमंडळाच्या सभासदाच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा मंजूर झाला. स्थानिक मंडळांच्या सभा उघड्या असाव्यात हें त्याचें मूलतत्त्व. सन १९८६ च्या दुरुस्तीनें त्यांत आणखी एक महत्त्वाची अट आली: नियमित सभेची विषयपत्रिका निदान ७२ तास आधीं लोकांस वाचतां येईल अशा जागीं लावली पाहिजे, आणि पत्रिकेंत नसलेल्या विषयावर, थोडे अपवाद सोडल्यास, निर्णय घेतां कामा नये. विषय आयत्या वेळीं उभा राहिला आणि तो थांबण्याजोगा नसला, तर तसें ठरविण्यास साध्या बहुमतापेक्षां अधिक मतें लागतात. सभेंत येणारावर आपलें नांव नोंदविण्याची सक्ती करतां येत नाहीं, आणि मंडळावर टीका केली म्हणून कोणास बोलण्यापासून रोखतांहि येत नाहीं.

या कायद्याचा एक परिणाम मोठा चमत्कारिक, पण उद्बोधक आहे. पांच सभासदांच्या मंडळांत तीन हें बहुमत. म्हणून कोणतेहि तीन सभासद सभेबाहेर एकत्र जमून मंडळाच्या विषयावर बोलूं शकत नाहींत. कारण तिघांची ती बैठक म्हणजे मंडळाची चोरून भरलेली सभाच होईल. दोघे बोलूं शकतात. परंतु त्यांपैकीं एकानें तेंच बोलणें तिसऱ्याच्या कानीं घातलें, किंवा एखाद्या मध्यस्थानें एकाचें मत दुसऱ्यास व दुसऱ्याचें तिसऱ्यास पोंचविलें, तरी कायद्याचा भंग होतो. कांहीं विषय मात्र बंद दारामागें बोलण्याची मोकळीक आहे: कोर्टांत चाललेले दावे, जमिनीच्या खरेदी-विक्रीची घासाघीस, नोकरांच्या नेमणुका व त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी. वाटाघाटींत आपला भाव समोरच्या पक्षास आधीं सांगून चालत नाहीं, हें कोणीहि कबूल करील. परंतु तेथेंहि कोणता विषय बंद सभेंत निघणार आहे याचा उल्लेख पत्रिकेंत असावा लागतो.

मंडळाच्या निर्णयास तीन मतें लागतात. सभेस किती जण हजर आहेत याला महत्त्व नाहीं. दोघे गैरहजर असतील तर उरलेल्या तिघांचें एकमत झाल्यावांचून कांहींहि मंजूर होत नाहीं. स्थानिक कायद्याच्या बाबतींत घाईला आणखी एक लगाम आहे. तो मांडल्यापासून पांच दिवसांच्या आंत मंजूर करतां येत नाहीं आणि मंजूर झाल्यावर बहुधा तीस दिवसांनीं अंमलांत येतो. तातडीचा म्हणून लगेच लागू करावयाचा असेल तर पांचांपैकीं चार मतें हवींत. हा विलंब निरर्थक नव्हे. मांडणें आणि मंजूर करणें यांमध्यें जो अवकाश राहतो, तोच लोकांना जागें होण्यासाठीं असतो.

येथपर्यंत सभा उघडी असण्याचा विचार झाला. पण उघडी सभा आणि सुनावणी या दोन भिन्न वस्तु आहेत. सभेंत येऊन कोणीहि पत्रिकेंतील विषयावर दोन शब्द बोलूं शकतो. अध्यक्ष वेळ नेमून देतात. एक, दोन, फार तर तीन मिनिटें. वक्ता बोलतो, सभासद ऐकतात, पुढचें नांव पुकारलें जातें. उत्तर देण्याचें बंधन मंडळावर नसतें. सुनावणीचें तसें नाहीं. कांहीं निर्णय असे आहेत कीं, बाधित लोकांस रीतसर सूचना देऊन व त्यांचें म्हणणें ऐकून घेतल्यावांचून ते करतांच येत नाहींत. न ऐकतां केलेला निर्णय कोर्ट रद्द करूं शकतें.

मग सुनावणीचा हक्क केव्हां उत्पन्न होतो आणि केव्हां नाहीं? या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें विसाव्या शतकाच्या आरंभीं दोन खटल्यांत दिलें. दोन्हीं खटले कोलोरॅडो संस्थानांतील डेन्व्हर शहराचे. पहिल्यांत एका रस्त्याच्या फरसबंदीचा खर्च त्या रस्त्यालगतच्या घरमालकांवर वांटून बसविला होता. त्यांना लेखी तक्रार करण्याची मुभा होती, परंतु तोंडी म्हणणें मांडूं दिलें नव्हतें. सन १९०८ मध्यें न्यायालयानें ठरविलें कीं, ठराविक व्यक्तींवर, प्रत्येकाच्या जमिनीस किती लाभ झाला हें पाहून, कर बसवावयाचा असेल तर त्यांना समक्ष बोलण्याची व जरूर तर पुरावा देण्याची संधि मिळालीच पाहिजे. दुसऱ्या खटल्यांत डेन्व्हरमधील सर्व करपात्र मालमत्तेची आकारणी सरसकट ४० टक्क्यांनीं वाढविली होती. सन १९१५ मध्यें न्यायमूर्ति होम्स यांनीं निकाल दिला कीं, नियम जेव्हां सर्वांना सारखा लागू होतो तेव्हां प्रत्येकास बोलूं देणें शक्य नसतें. अशा वेळीं नागरिकाचें संरक्षण त्याच्या मतपेटींत असतें.

या दोन निकालांतील भेद समजला म्हणजे कौंटीच्या सभेंतील निम्मा गोंधळ दूर होतो. सर्व कौंटीसाठीं बांधकामाचे नियम करणें हें कायदा करण्यासारखें काम. तेथें सभासदानें आपलें मत आधींच जाहीर केलें, निवडणुकींत त्याचें आश्वासन दिलें, तरी त्यांत गैर कांहीं नाहीं. पण अमक्या माणसास अमक्या जागेवर अमुक बांधूं द्यावें कीं नाहीं, हा निवाडा न्यायासारखा आहे. तेथें सभासदानें मन मोकळें ठेवून, पुढें आलेल्या पुराव्यावरच निर्णय दिला पाहिजे. पांच मिनिटांपूर्वीं कायदेमंडळाचा सभासद असलेला मनुष्य पुढच्या विषयास न्यायाधीश होतो; खुर्ची तीच, माणूस तोच, धर्म मात्र बदललेला. हें भान सुटलें कीं अन्यायास वाट मिळते.

अशा सुनावणीचा क्रम ठरलेला असतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणें जमिनीच्या वापराविषयींच्या सुनावणीची सूचना निदान दहा दिवस आधीं द्यावी लागते आणि त्या जागेपासून ३०० फुटांच्या आंतील मालमत्तेच्या मालकांना ती टपालानें पाठवावी लागते. पहिला निर्णय बहुधा नियोजन समिति किंवा तिचा अधिकारी देतो आणि तो ज्यास मान्य नसेल तो मंडळाकडे अपील करतो. सुनावणीच्या दिवशीं खात्याचे अधिकारी नकाशे व अहवाल मांडतात. मग अर्जदार बोलतो, त्यानंतर बाजूचे व विरुद्ध बाजूचे लोक, आणि शेवटीं अर्जदारास उत्तर देण्याची संधि मिळते. मग अध्यक्ष सुनावणी बंद झाल्याचें जाहीर करतात. त्या क्षणापासून नवा पुरावा घेतला जात नाहीं. सभासद आपापसांत उघडपणें विचार करतात आणि मत देतात.

परंतु मत देऊन काम संपत नाहीं. निर्णयाचीं कारणें लिहून ठेवावीं लागतात, आणि हें बंधन ज्या खटल्यानें पक्कें झालें तो याच लॉस एंजलिस कौंटीचा आहे. टोपांगा नांवाच्या डोंगरी दरींत २८ एकर जमीन होती. शेती व तुरळक घरें यांसाठीं ती राखलेली होती. तेथें ९३ फिरत्या घरांची वसाहत उठविण्यासाठीं एका कंपनीनें नियमांतून सूट मागितली. नियोजन समितीनें ती दिली, रहिवाशांनीं मंडळाकडे अपील केलें, आणि मंडळानें समितीचाच निर्णय कायम केला. रहिवासी कोर्टांत गेले, खालच्या कोर्टांत हरले, आणि सन १९७४ मध्यें कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयांत जिंकले. न्यायमूर्ति टोब्रिनर यांचें म्हणणें थोडक्यांत असें: कच्चा पुरावा एका तीरावर आणि अखेरचा हुकूम दुसऱ्या तीरावर असेल, तर मध्यें पूल पाहिजे; तो पूल म्हणजे लेखी निष्कर्ष. सूट द्यावयाची तर ही जमीन शेजारच्या जमिनींहून वेगळ्या अडचणींत आहे हें दाखविणें कायद्यानें जरूर होतें. अहवालांत त्या जमिनीचें वर्णन भरपूर होतें, स्वस्त घरांचा व वणव्यास अडसर होण्याचा लाभहि सांगितला होता; पण शेजारच्या जमिनींशीं तुलना केलेलीच नव्हती. जो प्रश्न कायद्यानें विचारला त्याचें उत्तर सोडून बाकी सर्व त्यांत होतें.

दुसरा एक खटला शेजारच्या व्हेंचुरा कौंटीचा, सन १९७९ चा. एका जमिनीच्या विभागणीस कौंटीनें मंजुरी दिली. कांहीं सार्वजनिक इमारतींत कागद चिकटविला आणि ज्यांनीं आधींपासून मागणी केली असेल त्यांना टपालानें कळविलें, एवढ्यावर सूचनेचें काम भागविलें होतें. शेजारच्या मालकास पत्ता लागला नाहीं. त्याच न्यायालयानें ठरविलें कीं, ज्याच्या मालमत्तेवर निर्णयाचा भारी परिणाम होणार आहे त्यास सूचना व सुनावणी मिळणें हा त्याचा घटनासिद्ध हक्क आहे. सरकारी कचेरीच्या भिंतीवर लटकणाऱ्या कागदास सूचना म्हणणें म्हणजे शब्दाचा खेळ करणें होय.

असें असलें तरी सुनावणीच्या मर्यादा झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. पहिली ही कीं, सुनावणी म्हणजे मतमोजणी नव्हे. सभागृहांत दोनशें लोक विरोधास आले म्हणून परवाना नाकारावा लागतो असें नाहीं. त्यांनीं दिलेलीं कारणें कायद्याच्या कसोटीस उतरतात कीं नाहीं, हें पाहिलें जातें. दुसरी ही कीं, कामाच्या दिवशीं सकाळीं भरणाऱ्या सभेस रोजंदारीवरचा मनुष्य, लहान मुलांची आई किंवा इंग्रजी न येणारा परदेशी क्वचितच पोंचतो. पोंचतात ते पगारी वकील आणि ज्यांना सवड आहे ते. तिसरी ही कीं, ऐकणारा जर बोलणाऱ्यास आपला मानीतच नसेल, तर सर्व नियम पाळूनहि ऐकणें वांझ ठरतें.

या तिसऱ्या मर्यादेचा पुरावा खुद्द मंडळाच्याच इतिहासांत आहे. कौंटींत स्पॅनिश वंशाची वस्ती लाखांनीं वाढली, तरी शंभराहून अधिक वर्षें त्या समाजाचा एकहि सभासद मंडळावर निवडून आला नव्हता. मतदारसंघांच्या सीमा अशा आंखल्या होत्या कीं त्यांचीं मतें विभागलीं जावीं. सन १९८८ मध्यें त्याविरुद्ध दावा झाला. सन १९९० मध्यें केंद्रीय न्यायालयानें ठरविलें कीं, ही आंखणी त्या समाजाच्या मताधिकारास मारक आहे. नवे संघ आंखले गेले आणि सन १९९१ मध्यें ग्लोरिया मोलिना निवडून आल्या. मंडळावर निवडणुकीनें आलेल्या त्या पहिल्या स्त्री होत. सन २०२० च्या अखेरीस पांचहि जागांवर स्त्रिया होत्या.

आणखी एक प्रकरण याहून बोलकें आहे. मॅनहॅटन बीच या समुद्रकांठच्या गांवीं विला ब्रूस या कृष्णवर्णी स्त्रीनें सन १९१२ मध्यें जागा विकत घेतली आणि पति चार्ल्स यांच्यासह तेथें आपल्या समाजासाठीं विश्रामगृह चालविलें. कारण इतर बहुतेक किनारे त्या समाजास बंद होते. गौरवर्णी शेजाऱ्यांनीं त्यांचा छळ केला. शेवटीं सन १९२४ मध्यें गांवच्या कारभाऱ्यांनीं बगीच्यासाठीं म्हणून ती जमीन सक्तीनें घेण्याचें ठरविलें. ब्रूस कुटुंबास १४,५०० डॉलर मिळाले, व्यवसाय कायमचा बुडाला, आणि बगीचाची ती निकड पुढें कित्येक वर्षें कोणास आठवली नाहीं. जागा तशीच पडून राहिली. ती सन १९४८ मध्यें संस्थान सरकारकडे व सन १९९५ मध्यें कौंटीकडे गेली.

ही जमीन हिरावून घेतली गेली ती दरोडा घालून नव्हे. ठराव झाला, कोर्टांत दावा चालला, मोबदला ठरला. कागदावर सर्व पायऱ्या होत्या. न्याय तेवढा नव्हता. आणि ती परत मिळाली तीहि ठराव करूनच. सन २०२१ मध्यें विधिमंडळानें त्यासाठीं खास कायदा केला आणि २८ जून २०२२ रोजीं कौंटीच्या मंडळानें एकमतानें ती जागा ब्रूस यांच्या वारसांस परत देण्याचें ठरविलें. पुढें सन २०२३ मध्यें वारसांनीं ती सुमारें दोन कोटी डॉलरांस कौंटीलाच विकली. त्याच जातीच्या सभेंत, तशाच ठरावानें, एका पिढीवर अन्याय झाला आणि चौथ्या-पांचव्या पिढीस त्याची भरपाई मिळाली. सभेची रीत हें एक साधन आहे. तें अन्याय करूं इच्छिणाऱ्याच्या हातींहि चालतें. मात्र त्याचा एक गुण असा कीं, तें आपल्या पाऊलखुणा मागें ठेवतें. इतिवृत्तें, नोंदी व दाव्यांचे कागद शिल्लक होते म्हणूनच शंभर वर्षांनींहि काय घडलें हें सांगतां आलें. जो कारभार तोंडी आणि अंधारांत चालतो, त्याच्या चुका दुरुस्त करण्यास पुढच्या पिढीजवळ कांहींच उरत नाहीं.

पांच सभासदांनीं एक कोटी लोकांचें गाऱ्हाणें ऐकावें ही व्यवस्था अपुरी आहे, असें लॉस एंजलिसच्या मतदारांसहि अखेर वाटलें. मंडळाची संख्या वाढविण्याच्या सूचना पूर्वीं अनेकदां फेटाळल्या गेल्या होत्या. सन २०२४ च्या नोव्हेंबरांत झालेल्या मतदानानें मात्र निराळा कौल दिला: पांचाऐवजीं नऊ सभासद असावेत आणि कारभाराचा मुख्य अधिकारी मंडळानें न नेमतां लोकांनीं निवडावा. त्या निर्णयाप्रमाणें मुख्य अधिकाऱ्याच्या निवडणुकीसाठीं सन २०२८ आणि नऊ सभासदांच्या मंडळासाठीं सन २०३२ हीं सालें नेमलेलीं आहेत. कायदे करणारे हात आणि अंमल करणारे हात वेगळे करण्याचा हा प्रयत्न आहे. पण सभासद नऊ झाले तरी प्रत्येकाच्या वांट्यास अकरा लाखांवर माणसें राहतीलच. संख्या वाढल्यानें कान वाढतील. ऐकण्याची इच्छा वाढेलच असें कोणास सांगतां येईल?

लोकशाहीचें खरें शिक्षण म्हणूनच मतदानाच्या दिवसापुरतें नसतें. निवडणूक चार वर्षांनीं येते. विषयपत्रिका मात्र सभेगणिक लागते. तिच्यांतील कोणता विषय नियमानुसार आपोआप व्हावयाचा आणि कोणत्या विषयांत कोणाचें घर, शेत किंवा उपजीविका गुंतलेली आहे, हें ओळखतां येणें ही नागरिकाची विद्या होय. ती ज्यास साधली तो तीन मिनिटांतहि नेमका प्रश्न विचारतो: कायद्यानें जें पाहावयास सांगितलें तें आपण पाहिलें काय, आणि पाहिलें असल्यास तें कोठें लिहिलें आहे? टोपांगाच्या रहिवाशांचा प्रश्न याहून मोठा नव्हता. तेवढ्या प्रश्नानें एका मंडळाचा निर्णय फिरला, आणि कॅलिफोर्नियांतील प्रत्येक मंडळास त्या दिवसापासून आपल्या निवाड्याचीं कारणें लिहून ठेवणें भाग पडलें.